गाडीतल्या वायरींची रंगीत तालीम

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण



रौप्यमहोत्सवी वर्षात प्रत्येक विंगमधून एकाने बोलायचं ठरलं, तेव्हा कमिटीला वाटलं असणार की मी बचत, मुदत ठेवी नाहीतर मृत्युपत्र यावर बोलेन. त्यावर मी जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये गेली पंचवीस वर्षं बोलतोच आहे. म्हणून आज विषय वेगळा घेतलाय. गाडीतली इलेक्ट्रॉनिक उपकरणं आणि त्यांच्या वायरी एकमेकांना त्रास देतात का, आणि तो त्रास गाडी बनवायच्या आधीच संगणकावर कसा ओळखता येतो, हा आजचा विषय. इंजिनिअर लोक याला ईएमसी सिम्युलेशन म्हणतात. मराठीत विद्युतचुंबकीय सुसंगतता. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. घाबरू नका.

एका बँकवाल्याला हे कशाला सुचलं, असं तुम्ही विचाराल. नोकरीतली बरीच वर्षं मी उद्योगांना कर्ज देणाऱ्या टेबलावर होतो. बाळे, केगाव मागे टाकून पुणे रस्त्याने मोहोळकडे निघालं की चिंचोळी एमआयडीसी लागते. तिथल्या शेडमध्ये जाऊन यंत्रं मोजायची, माल बघायचा, स्टॉक स्टेटमेंट तपासायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतरही जुने खातेदार सल्ल्याला येतात. त्यामुळे चिंचोळीत काय चाललंय, हे कानावर येत असतं.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आणि टॉवेल आठवतो. पण चिंचोळीत गाडीच्या इंजिनाचा एक महत्त्वाचा भाग बनतो, कॅमशाफ्ट. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ साली सोलापुरात सुरू झाली आणि तिचे कॅमशाफ्ट जगभरच्या गाड्यांत जातात. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणं आणि मिटणं हे कॅमशाफ्टचं काम. आता गंमत बघा. इलेक्ट्रिक गाडीत व्हॉल्व्हच नसतात. मग कॅमशाफ्ट कुठून असणार? याच कंपनीने २०१८ साली नेदरलँड्समधल्या इमॉस या इलेक्ट्रिक ट्रक बनवणाऱ्या कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. वारं कुठून वाहतंय, हे त्यांनी ओळखलं.

मुद्दा एका कंपनीचा नाही. लोखंड ओतणाऱ्या, कातणाऱ्या, घासणाऱ्या गावाला आता वायर, सर्किट, कंट्रोलर यांच्याकडे वळावं लागणार आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांचा पगार त्या रस्त्यावरून येतो. कॅमशाफ्टने कुणाच्या रेडिओत कधी खरखर केली नाही. कंट्रोलर मात्र करतो. म्हणून हा विषय सोलापूरकरांनी समजून घ्यायला हवा.

आता खरखरीकडे येऊ. इथल्या साठीपुढच्या सगळ्यांना आठवत असेल, घरी रेडिओवर आकाशवाणी सोलापूर केंद्र लागलेलं असायचं आणि रस्त्यावरून राजदूत गेली की रेडिओत खर्रर्र आवाज व्हायचा. गाडी लांब गेली की आवाज बंद. त्याचं कारण गाडीचा प्लग. प्लगमध्ये ठिणगी पडते आणि प्रत्येक ठिणगी हे एक छोटं रेडिओ केंद्रच असतं. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये रेडिओलहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. म्हणजे आपली राजदूत हर्ट्झचाच प्रयोग करत गल्लीतून जात होती, फक्त नको त्या वेळी.

हा त्रास जगभर होता. रेडिओ ऐकणाऱ्यांचं रक्षण करायला १९३४ साली सिस्पर नावाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. आजही गाड्यांच्या चाचण्यांत सिस्पर १२ आणि सिस्पर २५ ही नावं येतात. गाड्यांवर उपाय साधा निघाला, प्लगमध्ये किंवा त्याच्या टोपीत काही हजार ओहमचा रोध घालायचा. प्लगवरच्या नंबरात आर हे अक्षर बहुधा त्यासाठीच असतं. कुणी गॅरेजवाला आर नसलेला स्वस्त प्लग बसवत असेल, तर त्याला नको म्हणा.

त्रासाच्या या प्रकारात नेहमी तीन पात्रं असतात. त्रास देणारा, त्रास होणारा आणि त्रास पोहोचवणारी वाट. आपल्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. वरच्या मजल्यावर कुणी सकाळी सहाला मिक्सर लावला. आवाज खिडकीतून येतो, भिंतीतून येतो आणि पाण्याच्या पाइपातूनही येतो. तुम्ही खिडकी लावून घेतलीत तरी पाइप बोलतोच. गाडीतही तसंच आहे. त्रास हवेतून लहरींच्या रूपाने जातो, एकाच बॅटरीला जोडलेल्या वायरीतून जातो आणि शेजारून जाणाऱ्या दोन वायरी एकमेकींना न शिवताही एकीचा त्रास दुसरीला देतात. आधी वाट कुठली ते शोधायचं. नाहीतर खिडक्या लावण्यात पैसे जातात आणि पाइप तसाच राहतो.

गाडीत ही वाट म्हणजे मुख्यतः वायरिंग. आजच्या मोटारीत सगळ्या वायरी टोकाला टोक जोडल्या तर एक-दोन किलोमीटरच्या पुढे जातात. त्या जुड्या बांधून पत्र्याच्या आतून फिरवलेल्या असतात, त्याला हार्नेस म्हणतात. साधारण माणसाला वाटतं, वायर म्हणजे वीज नेणारा पाइप, त्यात कसला गुंता? आता एक हिशेब सांगतो. एक मीटर वायरीचं प्रेरकत्व सुमारे एक मायक्रोहेन्री असतं. तिच्यातून जाणारा प्रवाह एका मायक्रोसेकंदात दहा अँपिअरने बदलला, तर त्या साध्या वायरीच्या दोन टोकांत दहा व्होल्टचा फरक पडतो. बॅटरी बारा व्होल्टची आणि नुसत्या वायरीवर दहा व्होल्ट! बटण दाबून दिवा लावताना हे आपल्याला जाणवत नाही. पण इलेक्ट्रिक गाडीचा कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करत असतो.

दुसरा हिशेब. शंभर मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्यातली लहर तीन मीटर लांब असते. तिचा चौथा भाग पाऊण मीटर. एवढ्या लांबीची वायर चांगली अँटेना होते. गाडीत अशा वायरी किती असतील, मोजा! एक मीटर वायरीतून पन्नास मेगाहर्ट्झचा फक्त पाच मायक्रोअँपिअर प्रवाह परतीच्या वाटेवाचून गेला, तरी तीन मीटरवर मीटरला शंभर मायक्रोव्होल्ट इतकं क्षेत्र तयार होतं. अमेरिकेत घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंना त्या पट्ट्यात जवळपास तेवढीच मर्यादा आहे. पाच मायक्रोअँपिअर म्हणजे किती? देवघरातल्या एका लहान एलईडीला वीस मिलिअँपिअर लागतात असं धरलं, तर त्याचा चार हजारावा भाग.

हे नुसतं रेडिओचं गाणं बिघडण्यापुरतं नाही. अमेरिकेच्या नासाने १९९५ साली अशा प्रसंगांचा एक अहवाल काढला. त्यात सुरुवातीच्या काळातल्या एबीएस ब्रेकचा किस्सा आहे. जर्मनीत एका महामार्गाच्या ठराविक भागात, जवळच्या रेडिओ ट्रान्समीटरमुळे गाड्यांचे ब्रेक गडबडू लागले. तात्पुरता उपाय म्हणून रस्त्याच्या कडेला तारेची जाळी उभारावी लागली. म्हणून नियमांना दोन बाजू असतात. गाडीने दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या त्रासाने स्वतः बिघडायचं नाही. चांगल्या शेजाऱ्याची व्याख्याही हीच.

आपल्याकडे गाड्यांसाठी एआयएस ००४ भाग ३ हे मानक आहे. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून गाड्यांच्या चाचण्या करते आणि ही चाचणीही तिथे होते. त्यासाठी खास खोली लागते. बाहेरची एकही लहर आत येत नाही आणि आतल्या भिंतींवर लावलेले फोमचे सुळके लहरी शोषून घेतात. सुट्या भागाची चाचणी असेल तर सुमारे दीड मीटरचा हार्नेस धातूच्या टेबलावर पाच सेंटिमीटर उंचीवर सरळ मांडतात, एक मीटरवर अँटेना ठेवतात आणि मोजतात.

आता एक प्रकरण सांगतो. नाव सांगणार नाही, खातेदाराची गोपनीयता माझ्या हाडात मुरलेली आहे. माझ्या एका जुन्या खातेदाराच्या मुलाने चिंचोळीत इलेक्ट्रिक तीनचाकीसाठी कन्व्हर्टर बनवायला घेतला. बॅटरीचे अठ्ठेचाळीस व्होल्ट दिव्यांसाठी, हॉर्नसाठी बारा करणारा डबा. डबा उत्तम चालत होता. ऑर्डर हातात होती, बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं, कामगार घेतले होते. पुण्याला चाचणीला नेला आणि नापास झाला. त्याचा कन्व्हर्टर सेकंदाला दोन लाख वेळा, म्हणजे दोनशे किलोहर्ट्झने चालू-बंद व्हायचा. त्याच्या पटीत सगळीकडे आवाज उमटतात. दोनशेच्या तिप्पट सहाशे. आणि आपलं आकाशवाणी सोलापूर केंद्र कितीवर लागतं? ६०२ वर! शिवाय प्रत्येक चालू-बंदच्या झटक्याने घंटेसारखा कंप उठायचा, तो नव्वद मेगाहर्ट्झच्या आसपास, थेट एफएममध्ये.

पोराने घाईने फिल्टर बदलला, परत पुण्याला गेला, परत नापास. मग डब्याला पत्र्याचं आवरण केलं. तरी नापास. दरवेळी नवं सर्किट बोर्ड यायला आठवडे, चेंबरची तारीख मिळायला आठवडे, चाचणीची फी वेगळी. आणि बँकेचं व्याज रविवारीही चालू असतं. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए होतं. बँकेच्या नियमाला चेंबरची तारीख कळत नाही. त्याचे वडील माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. म्हणाले, साहेब, मशीन चालतंय, माल चांगलाय, गिऱ्हाईक थांबलंय, आणि तरी आम्ही बुडतोय.

माझी नात पुण्यात याच क्षेत्रात काम करते. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "आजोबा, त्यांना म्हणावं आता नवीन बोर्ड बनवू नका. आधी मला ड्रॉइंग आणि वायरिंगचा फोटो पाठवा." सुट्टीत ती घरी आली तेव्हा तिने त्या पोराला शेजारी बसवून लॅपटॉपवर सगळं करून दाखवलं. मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो. जे कळलं ते सांगतो.

संगणकावर दोन प्रकारची गणितं असतात. पहिलं सर्किटचं. बर्कलीच्या विद्यापीठात १९७३ साली स्पाइस नावाचा प्रोग्रॅम आला, त्याची वंशावळ आजही चालू आहे. त्यात वायर ही नुसती रेघ धरायची नाही. तिचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला थोडं प्रेरकत्व, थोडी धारकता, थोडा रोध द्यायचा, आणि शेजारच्या वायरीशी असलेलं नातंही लिहायचं.

दुसरं गणित लहरींचं. मॅक्सवेलची समीकरणं १८६५ ची. ती संगणकाला सोडवता येतील अशी एक सोपी रीत केन यी यांनी १९६६ साली मांडली. सगळी जागा चौकोनी डब्यांत वाटायची. प्रत्येक डब्यात विजेचं आणि चुंबकाचं क्षेत्र किती, ते लिहायचं. पुढच्या क्षणी काय होईल ते शेजारच्या डब्यांवरून काढायचं. मला तर ते आपल्या जुन्या लेजरसारखंच वाटलं, कालची शिल्लक, आजची जमा-नावे, उद्याची शिल्लक. फक्त खाती किती? चार मीटर लांब, एक मीटर सत्तर रुंद आणि दीड मीटर उंच मोटार घेतली आणि डबा एक सेंटिमीटरचा केला, तर एक कोटी दोन लाख खाती. डबा एक मिलिमीटरचा केला तर हजार पट, म्हणजे एक हजार वीस कोटी. शिवाय काळाचे टप्पेही दहापट बारीक करावे लागतात, म्हणजे काम दहा हजार पट. म्हणून जाणकार माणसं वायरींची जुडी पहिल्या रीतीने सोडवतात, पत्र्याचा सांगाडा दुसऱ्या रीतीने, आणि दोन्हींची सांगड घालतात. कुठे बारीक बघायचं आणि कुठे ढोबळ चालेल, हे ठरवण्यातच माणसाची अक्कल लागते. ते संगणक ठरवत नाही.

तिने दाखवलं की दोष पत्र्याच्या आवरणात नव्हताच. बोर्डावरचा कपॅसिटर स्विचपासून लांब बसवला होता, त्यामुळे झटक्याचा प्रवाह मोठा वळसा घालत होता. आणि शिल्ड असलेल्या केबलची जाळी डब्याला सगळीकडून न जोडता एका लांब शेपटीने जोडली होती. ती शेपटीच अँटेना झाली होती. कपॅसिटर जवळ आणला, शेपटी काढून जाळी गोल आवळून बसवली, धन आणि ऋण वायरींना एकमेकींभोवती पीळ दिला आणि एक छोटी चोक टाकली. पीळ दिल्याने एका वेढ्याचा त्रास पुढचा वेढा पुसून टाकतो. एवढे बदल तिने संगणकावर एका दुपारी करून बघितले. पुण्याच्या तीन फेऱ्यांत जे कळलं नव्हतं, ते त्या दुपारी दिसलं.

पण इथे टाळ्या वाजवायची घाई करू नका. नंतर चेंबरमध्ये मोजलं तेव्हा एफएमच्या पट्ट्यातलं शिखर संगणकाने सांगितलेल्या जागी नव्हतं, थोडं सरकलेलं होतं. कारण खरी वायर ड्रॉइंगपेक्षा लांब होती आणि टेबलाला एका ठिकाणी जास्त जवळ होती. तरी मर्यादेच्या खाली राहिलं, पास झाला. नातीने मग ती खरी मापं घालून संगणकावरचं मॉडेल दुरुस्त केलं. पुढच्या डब्याला ते उपयोगी पडेल.

माझ्यातला बँकवाला इथे जागा झाला. आम्ही कर्ज देताना पुढच्या पाच वर्षांचे अंदाजपत्रक मागतो. विक्री दहा टक्क्यांनी कमी झाली तर हप्ता निघेल का, कच्चा माल महागला तर काय, हे कागदावर उलटसुलट करून बघतो. ते अंदाज खरे नसतात, पण कमकुवत जागा दाखवतात. आणि अंदाज कितीही सुंदर असला तरी वर्षाअखेर ऑडिट झालेला ताळेबंद लागतोच. सिम्युलेशन म्हणजे अंदाजपत्रक आणि चेंबर म्हणजे ऑडिट. अंदाजपत्रकाशिवाय कर्ज देणारा बुडतो, आणि ऑडिटशिवाय नुसत्या अंदाजावर विश्वास ठेवणाराही बुडतो. नाटकाची रंगीत तालीम करतात ती याचसाठी, पण तिकिटं खऱ्या प्रयोगाचीच विकतात.

आता माझं मागणं. पहिलं बँकांकडे. प्रकल्पाच्या खर्चात शेड, यंत्रं, ट्रान्सफॉर्मर आम्ही मोजतो. सिम्युलेशन आणि चाचणीपूर्व तपासणी यांची ओळच नसते. ती ओळ असायला हवी, आणि हप्ता सुरू होण्याची मुदत चाचणीचा काळ धरून ठरवायला हवी. माल चांगला असून उद्योग मरतात, ते अशा न लिहिलेल्या ओळींमुळे.

दुसरं चिंचोळीच्या उद्योजकांकडे. याचं चांगलं सॉफ्टवेअर महाग असतं, एकट्या लहान युनिटला झेपत नाही. पण आपण इथे काय केलं? बोअर एक, टाकी एक, लिफ्ट एक, आणि खर्च सगळ्यांत. सहकार म्हणजे दुसरं काय! दहा युनिटांनी मिळून एक इंजिनिअर आणि एक परवाना ठेवला तर जमतं. लहान उद्योगांच्या समूहासाठी सामाईक सुविधा केंद्र उभारायला केंद्र सरकारची योजनाही आहे.

तिसरं आपल्या मुलांकडे. वालचंद इन्स्टिट्यूटमध्ये, पॉलिटेक्निकमध्ये शिकणारी मुलं या हॉलमध्ये बसली आहेत. एनजीस्पाइस आणि ओपनईएमएस हे प्रोग्रॅम फुकट मिळतात. या कामाला भट्टी लागत नाही, सोलापुरात ज्याची कायम ओढ त्या पाण्याचा टँकर लागत नाही. टेबल, संगणक आणि चिकाटी लागते. प्रत्येकाने पुण्याची बस पकडलीच पाहिजे असं नाही. माझी नात पुण्यात आहे, तिची आठवण आम्हाला रोज येते, म्हणून हे जरा जास्त कळवळून सांगतोय.

आणि बाकीच्यांनी घरी एवढं करा. चार्जरच्या किंवा लॅपटॉपच्या वायरीवर जी गाठीसारखी जाड नळी असते ती उगाच बसवलेली नसते, कापून टाकू नका. गाडीत जादा दिवे, जादा हॉर्न बसवताना मूळ हार्नेसची साल काढून जोड देऊ नका. स्वस्त मोबाइल चार्जर गाडीत लावल्यावर रेडिओ खरखरला, तर रेडिओला दोष देऊ नका, चार्जर बदला.

शेवटचा मुद्दा रेडिओचाच. काही परदेशी कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम रेडिओच काढून टाकला, कारण मोटरची खरखर आवरण्यापेक्षा ते सोपं होतं. २०२३ साली फोर्डने तसं जाहीर केलं आणि लोकांनी ओरड केल्यावर निर्णय फिरवला. तिकडे वादळाच्या, पुराच्या सूचना लोक त्याच रेडिओवर ऐकतात. त्रास देणाऱ्याला आवरायचं सोडून ऐकणाऱ्यालाच घराबाहेर काढायचं, हे काही बरं नाही. चिंचोळीत उद्या जे कंट्रोलर, कन्व्हर्टर बनतील, ते लावलेल्या रिक्षात आकाशवाणी सोलापूर केंद्र स्वच्छ ऐकू यावं, एवढी माझी इच्छा आहे.

 बाहेर चहाची व्यवस्था आहे, तो घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका.

जय हिंद, जय महाराष्ट्र!